रेंज आली तरी पान मुकेच

रत्नागिरी जिल्ह्यात ऑनलाइन शिक्षणाचा विषय काढला की पहिली तक्रार रेंजची येते, आणि ती खरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. मंडणगड-दापोली पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात शाळा-कॉलेजे फोनवर भरू लागली. घरात रेंज नाही म्हणून मुले छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जाऊन बसत. शेजारच्या सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीसाठी घरच्यांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली, त्याची बातमी दूरवर पोचली. तेव्हापासून आपल्या मनात एक हिशेब पक्का बसला आहे: टॉवर उभा राहिला की शिक्षण पोचले.

तो हिशेब अपुरा आहे. समजा, सड्यावर शेजारी-शेजारी दोघे बसले आहेत. दोघांच्या फोनवर कॉलेजच्या अभ्यासक्रमाचे एकच पान उघडले आहे, दोघांनी नोट्सची तीच पीडीएफ उतरवून घेतली आहे. एकाला दिसते, तो वाचू लागतो. दुसऱ्याला दिसत नाही, त्याच्या फोनवर ‘टॉकबॅक’ चालू आहे. अँड्रॉइड फोनमध्ये फुकट मिळणारी ही सोय पडद्यावर बोट फिरेल तिथला मजकूर वाचून दाखवते. आता त्याच्या कानावर काय पडणार, हे टॉवर ठरवत नाही. शिक्षकाने ती फाइल कशी बनवली, त्यावर ते ठरते.

वहीची पाने फोनने टिपून त्यांची पीडीएफ केली असेल, तर टॉकबॅक गप्प बसते किंवा नुसते ‘इमेज’ म्हणते. त्या फाइलमध्ये अक्षरे नाहीतच, अक्षरांची छायाचित्रे आहेत. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, यंत्राला नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, आणि तो खास आपला आहे. फाइल टाइप केलेली आहे, छपाई सुबक आहे, शीर्षक ठळक आहे. टॉकबॅक वाचू लागते, पण मराठी नव्हे. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘रत्नागिरी’ हा शब्द लिहिला असेल, तर फाइलच्या पोटात जे, आर, यू, के, एफ, एक्स, जे, एच अशी आठ इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. फॉन्ट एवढेच करतो की ‘जे’च्या जागी ‘र’चे चित्र काढतो, ‘यू’च्या जागी ‘न’चे. बघणाऱ्याला रत्नागिरी दिसते. ऐकणाऱ्याला ती आठ इंग्रजी अक्षरे ऐकू येतात, आणि वीस पानांच्या टिपणात ओळीमागून ओळ तेच.

याचा दोष कोणाच्या आळसावर टाकता येणार नाही. संगणकावर मराठी आणण्याचे कष्ट पुण्याने फार लवकर उपसले. १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी तंत्र उभे केले, मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ छापखान्या-छापखान्यात पोचली. त्या काळातल्या फॉन्टमध्ये मोजक्याच अक्षरांना जागा असे, म्हणून इंग्रजीच्या जागा वापरून मराठीची चित्रे बसवणे हा सोयीचा मार्ग होता. त्या मार्गाने वर्तमानपत्रे निघाली, पुस्तके छापली गेली, लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका छापल्या गेल्या. कागदावर उतरेपर्यंत त्यात काहीच बिघडत नव्हते. बिघाड सुरू झाला तो तीच फाइल कागदावर न उतरता थेट फोनवर जाऊ लागली तेव्हा.

युनिकोडने हे मुळातून बदलले. १९९१पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच, स्वतःचा क्रमांक आहे. युनिकोडमधली ‘रत्नागिरी’ अशी साठवली जाते: र, त, पायमोडका, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘गि’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्याला ‘ग’च्या आधी दिसते, आणि जुन्या फॉन्टमध्ये ती आधीच टाइप करावी लागे. युनिकोडमध्ये ती ‘ग’च्या नंतर साठवली जाते, कारण उच्चारात ती नंतर येते. म्हणजे युनिकोडने मराठी दिसण्याच्या क्रमाने नाही, बोलण्याच्या क्रमाने नोंदवली. म्हणूनच तिच्यातून आवाज काढता येतो, शब्द शोधता येतो, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते.

आणि ब्रेलही काढता येते. १९५१मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’, बंगाली ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांना ठिपक्यांची एकच खूण आहे, तीही ध्वनीवर बेतलेली. त्यामुळे युनिकोड मराठीचे ब्रेलमध्ये रूपांतर संगणक स्वतः करू शकतो. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा वाचायची भूक किती आहे हे महाराष्ट्राला दिसले. आपल्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे. अशा शाळेत बोटांनी वाचायला शिकलेले मूल पुढे कॉलेजात येते तेव्हा तिथे ब्रेल पुस्तकांचे कपाट नसते. त्याच्या हातात असतो फोन, आणि फोनमध्ये आपण टाकलेली फाइल.

धोंडो केशव कर्वे याच जिल्ह्यातले. जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, बालपण दापोलीजवळच्या मुरुडचे. परीक्षेसाठी ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तोडून साताऱ्याला गेले. तिथे वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आपण या गोष्टीतली पायपीट मुलांना सांगतो. मला अधिक लागते ते तिचे शेवटचे टोक: सगळा घाट चढून झाल्यावर, दारात पोचल्यावर आलेला नकार. सड्यावर चढून, रेंज पकडून, फाइल उतरवून झाल्यावर जो विद्यार्थी जे-आर-यू-के ऐकतो, तो त्याच दारात उभा असतो.

आता रेंजकडे परत येऊ, कारण इथे एक गोष्ट उलगडते आणि रत्नागिरीसाठी ती सर्वांत कामाची आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला वेबवर तीन बाइट लागतात. भरगच्च पानावर दोन हजार चिन्हे धरली तर सहा किलोबाइट झाले. त्याच पानाचा फोनने काढलेला फोटो सहज दोन मेगाबाइटचा असतो, म्हणजे तीनशे पटींहून जड. वीस पानांचे टिपण मजकूर म्हणून पाठवले तर सव्वाशे किलोबाइटच्या आत बसते, फोटो म्हणून पाठवले तर चाळीस मेगाबाइट होते. पहिले एका काडीच्या रेंजवर काही क्षणांत उतरते. दुसऱ्यासाठी सड्यावर पाऊण तास बसावे लागते, आणि मध्ये रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे अंध विद्यार्थ्याला जे पान ऐकता येते, तेच पान लांज्याच्या किंवा संगमेश्वरच्या आतल्या वाडीवरच्या डोळस विद्यार्थ्यालाही उतरवता येते. सुगम्यता, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यालाही वापरता येईल असे पान करणे, हा चार-दोन मुलांसाठी करायचा जास्तीचा खर्च आहे, असे अनेक चांगले शिक्षकही मनापासून मानतात. या जिल्ह्यात तरी ते खरे नाही. इथे सुगम पान आणि हलके पान ही एकाच पानाची दोन नावे आहेत.

अक्षरे खरी असली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. डोळस माणूस पान उघडतो तेव्हा आधी वरून खाली नजर टाकतो: हे शीर्षक, हे घटक, ही तारीख. टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही अशी नजर टाकता येते, पण कानाने. संगणकावर ‘एनव्हीडीए’मध्ये ‘एच’ हे बटण दाबत गेले की तो एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. हा स्क्रीन रीडर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६मध्ये लिहायला घेतला आणि जेम्स टेह या दुसऱ्या अंध प्रोग्रामरने त्याला साथ दिली. पण ही उडी तेव्हाच मारता येते, जेव्हा लिहिणाऱ्याने वर्डमध्ये किंवा कोर्सच्या संपादकात ‘हेडिंग’ ही शैली वापरलेली असते. ओळ निवडून नुसती ठळक केली, अक्षर मोठे केले, तर ती डोळ्यांसाठी शीर्षक होते आणि कानांसाठी साधी ओळच राहते. मग पाचव्या घटकातली व्याख्या शोधायला पहिल्यापासून सगळे ऐकत यावे लागते. कामाचा फरक मात्र एका क्लिकचा आहे.

दुव्यांचेही तसेच. कानाने चालणारा विद्यार्थी बऱ्याचदा पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी मागवतो. आपल्या पानांवर ती यादी अशी येते: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. त्याऐवजी ‘घटक ३ : जांभ्या दगडाची निर्मिती, टिपण’ एवढे लिहिले असते तर विद्यार्थी थेट तिथे गेला असता.

पानाची भाषा कोणती, हेही पानाला सांगावे लागते. देवनागरी हिंदीचीही लिपी आहे. खूण नसली तर वाचणारा आवाज मराठीला हिंदी समजू शकतो, आणि मग ४९चे ‘एकोणपन्नास’ न होता ‘उनचास’ होते. अर्थशास्त्राचा तक्ता असा ऐकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. वेब पानावर ही भाषेची खूण एका शब्दाची असते, आणि ती संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने एकदाच घालायची असते.

चित्रांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण तिथे शिक्षकाचे ज्ञान लागते, नुसते तंत्र पुरत नाही. चित्रामागे लिहायच्या वर्णनाला पर्यायी मजकूर म्हणतात. आंब्याच्या कोय कलमाचे उदाहरण घ्या. कोकणात शेतीच्या विद्यार्थ्याला ते शिकावेच लागते. पानावर आकृती आहे आणि वर्णनात लिहिले आहे ‘कोय कलम’. हे नाव झाले, चित्र नाही. आकृती काय शिकवते ते लिहायला हवे: कोवळ्या रोपाचा शेंडा छाटला आहे, खोडाला वरून मधोमध उभा काप दिला आहे, निवडलेल्या जातीच्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासून त्या कापात बसवले आहे आणि जोड प्लास्टिकच्या पट्टीने बांधला आहे. हे चार तुकडे लिहिताना शिक्षकाला स्वतःला ठरवावे लागते की या आकृतीत नेमके महत्त्वाचे काय. आणि एकदा लिहिले की चित्र दिसणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते वाचून काप कुठे द्यायचा ते कळते. उलट, पानाच्या कडेला शोभेसाठी टाकलेल्या नारळीच्या झाडाचे वर्णन लिहू नये. ते रिकामे ठेवले की स्क्रीन रीडर त्याला ओलांडून पुढे जातो.

रंगांचा मुद्दा सोपा आहे. ‘लाल रंगातले प्रश्न सोडवा’ अशी सूचना लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्याला निरुपयोगी आहे, म्हणून रंगासोबत चिन्ह किंवा शब्द द्यावा. फिकट करड्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे टाकू नयेत. डब्ल्यूसीएजी हे वेबच्या सुगम्यतेचे जगभर मानले जाणारे निकष आहेत. त्यांत साध्या आकाराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान ४.५ला १ असावा असे सांगितले आहे. हे प्रमाण मोजणारी साधने फुकट मिळतात. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर भर दुपारी फोन उघडून पाहणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

व्हिडिओत दोन वेगवेगळी मुले वगळली जातात. शिक्षक फळ्याकडे हात करून म्हणतात, ‘हे इथून निघते आणि इथे येते.’ न दिसणाऱ्याला ‘हे’ काय आणि ‘इथे’ कुठे, काहीच कळत नाही. ‘अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर चढतात’ असे बोलले की दिसणाऱ्याचे आणि न दिसणाऱ्याचे, दोघांचेही भागते. ऐकू न येणाऱ्यासाठी बोललेला मजकूर लिहून द्यावा लागतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात व्हिडिओ करण्याआधी संपूर्ण संहिता लिहिली जाते, वेळेच्या नोंदीसह वेगळी दिली जाते, आणि त्यातूनच मराठीसह अनेक भाषांत आवाज चढवला जातो. आधी लिहायचे, मग बोलायचे, एवढी एक सवय आपल्या कॉलेजांनी उचलली तरी कर्णबधिर विद्यार्थ्याला तासाचा मजकूर मिळेल, आणि ज्याच्याकडे व्हिडिओ पाहण्याएवढे नेट नाही त्यालाही. इथे एक भान हवे. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे. लहानपणापासून खुणांत वाढलेल्या मुलासाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते, म्हणून त्या मजकुरातली वाक्ये आखूड आणि सरळ हवीत.

ऑनलाइन चाचणीत सगळ्यात जास्त अन्याय घड्याळ करते. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत दिव्यांग परीक्षार्थींना ताशी किमान २० मिनिटे जास्तीची द्यायला सांगितले. वर्गातल्या परीक्षेत हे आता बऱ्यापैकी रुळले आहे. अर्ध्या तासाच्या ऑनलाइन चाचणीला मात्र त्या हिशेबाने जास्तीची दहा मिनिटे लावायचे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तिसाव्या मिनिटाला पान आपोआप बंद होते. हाताने माउस किंवा फोन नीट पकडता न येणाऱ्या, स्क्रीन रीडरने प्रत्येक पर्याय ऐकणाऱ्या किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला उत्तर येत असूनही ते देता येत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी अनेक कॉलेजे वापरतात त्या ‘मूडल’ या प्रणालीत एकाच विद्यार्थ्यापुरती मुदत वाढवण्याची सोय आहे, ती शोधून वापरावी लागते. मूडल ज्याने घडवले तो मार्टिन डुगियामास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला. जवळ शाळा नव्हती म्हणून लहानपणी तो शॉर्टवेव्ह रेडिओवरून चालणाऱ्या शाळेत शिकला. दूरच्या मुलाचे दुःख ठाऊक असलेल्या माणसाच्या हातचे हे साधन आहे. त्यात सोय आहे आणि आपण ती उघडून पाहिलेली नाही, याची मला खंत वाटते.

कायद्याचे बळ या सगळ्यामागे आहे, आणि ते वाढते आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली, त्यात अध्ययन अक्षमताही आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे किमान निकष ठरवावे लागतील असे सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. ‘आमच्या वर्गात असे कोणी नाही’ हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. वर्गात कोणी नसेल, तर का नाही हे विचारावे लागेल.

शिक्षकांच्या मनात आणखी एक भीती असते, पुस्तकातले प्रकरण टाइप करून दिले तर प्रताधिकाराचा भंग होईल अशी. ती धरायचे कारण नाही. दिव्यांग वाचकाला वाचता येईल अशा रूपात पुस्तक नफा न घेता करून द्यायला २०१२च्या दुरुस्तीने कायद्यातच मुभा दिली. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३पासून दृष्टिबाधितांसाठी काम करणाऱ्या केंद्रासह अनेकांनी त्यासाठी झुंज दिली. अशी पुस्तके देशोदेशी पोचावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला, २०१४मध्ये.

राहिला प्रश्न जुन्या टिपणांच्या ढिगाचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, जोडाक्षरे मात्र नंतर नजरेखालून घालावी लागतात. फोटोतली छापील मराठी फोनवरचे ‘गूगल लेन्स’ बऱ्यापैकी उचलते. हस्ताक्षर नीट उचलले जात नाही, तिथे बोलून टाइप करणे बरे. फोनच्या कीबोर्डला मराठी बोललेले कळते, आणि रोज वर्गात बोलणाऱ्याला ते जड जात नाही. एक सावधगिरी हवी. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराचीही पीडीएफ केली की कधीकधी वेलांट्या आणि जोडाक्षरे आतून विस्कटतात, म्हणून पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइल द्यावी किंवा मजकूर थेट कोर्सच्या पानावरच लिहावा. तपासायची रीत सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. मराठी जशीच्या तशी उमटली तर फाइल बोलेल.

दिवसाची कामे आटोपल्यावर आज रात्री फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) विभागात जाऊन टॉकबॅक चालू करा. तिथे पडदा पूर्ण काळा ठेवण्याचीही सोय आहे, तीही लावा. आता आपल्याच विषयाचे पान उघडा आणि केवळ ऐकत ऐकत दोन गोष्टी शोधा: स्वाध्याय द्यायची शेवटची तारीख, आणि तिसऱ्या घटकाचे टिपण. घड्याळ लावून बसा. जिथे आवाज अडखळतो, गप्प होतो किंवा इंग्रजी अक्षरे बरळू लागतो, ती जागा वहीत लिहून ठेवा, आणि उद्या सकाळी दुरुस्ती तिथून सुरू करा.